४२ अंशांवर मरायला हवा तो म्युटंट जगतो: पेशीभित्तिकेच्या जनुकांची कॉम्प्लिमेंटेशन चाचणी बिघडते तेव्हा

ई. कोलायच्या पेशीभित्तिकेची बरीचशी जनुकं अशी आहेत की ती काढून टाकली तर अभ्यास करायला पेशीच उरत नाही. म्हणून काम तापमान-संवेदी म्युटंटवर, म्हणजे त्या जनुकात बदल झालेल्या जीवाणूवर, चालतं. ३० अंशांवर त्यातलं प्रथिन कसंबसं चालतं, ४२ वर कोलमडतं. प्लास्मिडवरून, म्हणजे पेशीत शिरवता येणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावरून, चांगलं जनुक आत घातलं आणि म्युटंट ४२ वर वाढला, म्हणजे कॉम्प्लिमेंटेशन झालं. कागदावर चार ओळींचं काम. गोव्यातल्या कॉलेजांमधल्या एमएस्सी प्रकल्पांत ते हमखास अडतं आणि अडलं की पहिला संशय क्लोनवर, म्हणजे जनुक बसवलेल्या प्लास्मिडवर, जातो. मग नवे प्रायमर मागवायचे, सिक्वेन्सिंगला नमुने पाठवायचे, हाताशी असलेलं सत्र संपवायचं. क्लोन वाईट निघतो, नाही असं नाही. पण त्याआधी इन्क्युबेटर, मीठ आणि अँपिसिलिन या तिघांची झडती घ्यावी. खालच्या तपासण्या फुकटातल्या आधी आणि खर्चाच्या नंतर अशा लावल्या आहेत. मधल्या गाळून शेवटच्या तपासणीवर उडी मारू नका.

लक्षणं

यातलं आपलं कोणतं, ते आधी ठरवा. एकाच वेळी दोन असू शकतात.

- रिकामं प्लास्मिड असलेला म्युटंट ४२ वर जनुक दिलेल्या म्युटंटइतकाच दाट वाढतो.
- रिकाम्या प्लास्मिडच्या प्लेटवर ४२ ला मोजक्याच कॉलनी येतात, पण त्या टपोऱ्या असतात.
- ३० अंशांवरच म्युटंट अडखळतो. ब्रॉथ रात्री गढूळ होता, सकाळी निवळलेला दिसतो आणि लूप उचलला की तार सुटते. ही तार म्हणजे फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेला डीएनए.
- ट्रान्सफॉर्मेशननंतर (प्लास्मिड पेशीत घातल्यावर) ३० वरही कॉलनी नाही, पण तेच प्लास्मिड डीएच५-अल्फा या क्लोनिंगच्या नेहमीच्या स्ट्रेनमध्ये व्यवस्थित जातं.
- जनुक दिलेला म्युटंट ४२ वर वाढतो, मात्र सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दोऱ्यासारख्या लांब किंवा गोल फुगलेल्या दिसतात.
- या आठवड्यात निकाल बरोबर, पुढच्या आठवड्यात उलटा.

शेवटचं लक्षण असेल तर बाकी काही न वाचता तापमानाकडे वळा. जनुक आठवड्यागणिक मत बदलत नाही.

सुरुवातीला प्लेटची मांडणी

याला खर्च नाही, तरी अर्ध्या तक्रारींत हीच चुकलेली असते. तीन स्ट्रेन लागतात: मूळ निरोगी स्ट्रेन रिकाम्या प्लास्मिडसह, म्युटंट रिकाम्या प्लास्मिडसह आणि म्युटंट जनुकासह. तिन्ही रात्रभर ३० वर वाढवा, ओडी (ब्रॉथच्या गढूळपणाचा आकडा) १ वर आणा, दहापटीने सहा वेळा विरळ करा आणि प्रत्येकाचे ५ मायक्रोलिटरचे थेंब दोन प्लेटवर ठेवा. एक प्लेट ३० ला, दुसरी ४२ ला. नुसती रेघ ओढून वाढ झाली किंवा नाही असं लिहिण्यात अर्थ नाही, कारण दाट रेघेत एक कोटी पेशी असतात आणि त्यातल्या दहा जगल्या तरी रेघ भरलेली वाटते.

वाचन असं करा. निरोगी स्ट्रेन ४२ वर ३० इतकाच आला पाहिजे. तो मागे पडला तर ४२ ची प्लेट ४२ ला नव्हती, पुढचं सगळं वाचन रद्द. रिकाम्या प्लास्मिडचा म्युटंट ४२ वर किमान दहा हजार पटींनी कमी यायला हवा. दहापटीचा फरक हा फरक धरू नका, तो पिपेटच्या चुकीतही येतो.

पावसाळ्यात ताज्या प्लेटवर घाम जमतो आणि शेजारचे थेंब एकमेकांत मिसळतात. लॅमिनारमध्ये झाकण उघडं ठेवून वीस-तीस मिनिटं प्लेट सुकवा.

तपासणी १: तापमान

इन्क्युबेटरच्या दारावरचा आकडा त्याच्या सेन्सरजवळच्या हवेचा असतो. प्लेटमधला अगार त्या आकड्याला पोचलेला असेलच असं नाही. १०० मिलिलिटर पाण्याच्या बाटलीत कमाल-किमान दाखवणाऱ्या डिजिटल थर्मामीटरची काडी बुडवून ती नेमकी प्लेट ठेवायच्या फळीवर रात्रभर ठेवा. सकाळी फक्त चालू तापमान बघू नका, रात्रीतलं कमाल आणि किमान बघा. खरी बातमी तिथे असते.

आपल्याकडे दोन गोष्टी हमखास घडतात.

पहिली मे महिन्यातली. साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. शिवाय पंख्याची आणि हीटरची स्वतःची ऊब असते, म्हणून खोलीपेक्षा चार-पाच अंश वरच तो स्थिर राहतो. रात्री एसी बंद झाल्यावर खोली ३१-३२ ला गेली की ३० वर लावलेला इन्क्युबेटर निमूटपणे ३५-३६ ला बसतो. मग ३० ची प्लेट ही ३० ची प्लेट राहत नाही. नाजूक अलील (जनुकाची बदललेली रूपं) तिथेच अडखळतात आणि तक्रार येते की म्युटंट ३० वरही वाढत नाही. यावर उपाय एकच, कंप्रेसर असलेला बीओडी इन्क्युबेटर. तो मिळत नसेल तर एसी रात्रभर चालणाऱ्या खोलीत थर्मोकोलच्या पेटीत प्लेट ठेवून २६-२८ अंशांवर दोन दिवस वाढवा. वाढ संथ होईल, पण खोटी होणार नाही.

दुसरी जून-जुलैतली. रात्री वीज जाते, दोन-तीन तासांनी येते आणि ४२ चा इन्क्युबेटर मधल्या वेळात खोलीच्या तापमानाला, म्हणजे पावसाळ्यातल्या २७-२८ ला उतरलेला असतो. म्युटंटला जगण्यासाठी हेच तापमान हवं असतं. याचा परिणाम सगळ्या जनुकांवर सारखा होत नाही. एफटीएस-झेड८४ सारख्या विभाजनाच्या म्युटंटमध्ये ४२ वर पेशी फक्त लांबत जातात, मरत नाहीत. तापमान उतरलं की प्रथिन पुन्हा कामाला लागतं आणि त्या दोऱ्या तुकडे होऊन वाढू लागतात. सकाळी प्लेटवर कॉलनी तयार. भित्तिकेचा कच्चा माल बनवणाऱ्या म्युर-ई किंवा म्युर-एफ यांच्या म्युटंटमध्ये पेशी फुटून गेलेल्या असतात, त्या परत येत नाहीत, पण न फुटता थांबलेल्या काही वाचतात आणि तुरळक कॉलनी देतात. वीज आल्यावर काही यंत्रं स्वतःहून ३७ ला सुरू होतात हा आणखी एक घोळ. ३७ वर बरेच तापमान-संवेदी अलील आरामात जगतात. यंत्र इन्व्हर्टरवर घ्या, आणि किमानचा आकडा ४१ च्या खाली दिसला तर त्या रात्रीची प्लेट वाचूच नका, टाकून द्या.

उलट बाजूही तपासा. ४२ वर लावलेला इन्क्युबेटर ४५ पर्यंत चढत असेल तर निरोगी ई. कोलायही रडकुंडीला येतो आणि जनुक दिलेला म्युटंट कॉम्प्लिमेंट होत नाही असं वाटतं.

प्लेट रचण्याची पद्धतही महत्त्वाची. दहा प्लेटच्या गठ्ठ्यात मधली प्लेट ४२ ला पोचायला बराच वेळ लागतो, तेवढ्यात पेशी एक-दोनदा दुभंगून घेतात. प्लेट आधी तासभर ४२ वर ठेवून गरम करा, मग थेंब द्या, आणि तीन-चारपेक्षा उंच गठ्ठा करू नका.

ट्रान्सफॉर्मेशन फसत असेल तर ४२ अंशांच्या हीट-शॉकला दोष देऊ नका. ३०-४५ सेकंदांत प्रथिन बिघडून पेशी मरण्याइतका वेळच मिळत नाही. मरण येतं नंतरच्या तासाभरात, जेव्हा सवयीने नळी ३७ च्या शेकरवर जाते. या स्ट्रेनना ३० वरच सावरू द्या, आणि तासाऐवजी दीड ते दोन तास द्या, कारण ३० ला वाढीचा वेग कमी असतो.

तपासणी २: मीठ

कपाटात एलबी नावाच्या माध्यमाच्या तीन बाटल्या असू शकतात आणि तिन्ही वेगळ्या असतात. ट्रिप्टोन १० ग्रॅम आणि यीस्ट अर्क ५ ग्रॅम तिन्हीत सारखं. लिटरला सोडियम क्लोराइड मात्र मिलर प्रकारात १० ग्रॅम, लेनॉक्समध्ये ५, आणि लुरियामध्ये अर्धा ग्रॅम. निरोगी स्ट्रेनला याचं सोयरसुतक नसतं, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पेशीभित्तिकेच्या म्युटंटला मात्र हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो.

कारण सोपं आहे. पेशीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तो पेप्टिडोग्लायकनचं, म्हणजे भित्तिकेचं, जाळं पेलतं. बाहेर मीठ किंवा साखर जास्त असेल तर दाबातला फरक कमी होतो आणि कमकुवत जाळंही टिकतं. २० टक्के सुक्रोज आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियमच्या माध्यमात भित्तिका जवळपास गमावलेली पेशीसुद्धा गोल स्फेरोप्लास्ट होऊन तग धरते. एफटीएस-झेड८४ मध्ये भित्तिका फुटत नाही, तरीही मीठ वाढवलं की हा म्युटंट ४२ वर सावरतो, आणि मीठ काढून टाकलं की दोष ठळक दिसतो.

थोडक्यात, चाचणी बिनमिठाच्या किंवा अर्ध्या ग्रॅमच्या एलबीवर करा आणि स्ट्रेन सांभाळताना ५ किंवा १० ग्रॅमचं वापरा. हा फरक वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षीची मुलं तुमचीच वही उघडणार आहेत.

काही ठिकाणी सोडियम क्लोराइड संपलं की स्वयंपाकघरातलं मीठ वापरलं जातं. आपल्या आगरवाड्याच्या आगरातलं मीठ माशाला लावायला उत्तम, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षारही येतात. हे दोन्ही आयन बाहेरच्या पटलाला बळ देतात. मरायला टेकलेला म्युटंट अशा मिठावर तरला तर त्याचं श्रेय तुमच्या क्लोनला जाईल.

तपासणी ३: अँपिसिलिन

इथे मूळ अडचण अशी की प्लास्मिड टिकवायला जे औषध घालतो, तेच पेशीभित्तिकेवर घाव घालतं. अँपिसिलिन पेनिसिलिन-बंधक प्रथिनांना चिकटतं, आणि आपला म्युटंट कदाचित त्यांतल्याच एकात आधीच लंगडा असतो. एफटीएस-आय म्हणजे पीबीपी३, विभाजनाच्या जागी भित्तिका विणणारा एन्झाइम. त्याच्या दुबळ्या म्युटंटला १०० मायक्रोग्रॅम अँपिसिलिनच्या प्लेटवर टाकलं आणि प्लास्मिडवरचं, अँपिसिलिन मोडणारं बीटा-लॅक्टमेज पुरेसं तयार व्हायच्या आधीच उरलंसुरलं पीबीपी३ अडलं, तर ३० वरही कॉलनी येणार नाही. चौथं लक्षण याचंच.

याच्या उलटही घडतं. ४२ वर म्युटंट फुटतो तेव्हा पेरिप्लाझममधलं (पेशीच्या दोन पटलांमधल्या जागेतलं) बीटा-लॅक्टमेज अगारात सांडतं, भोवतालचं अँपिसिलिन संपतं आणि प्लास्मिड टाकून दिलेल्या पेशींना मोकळं रान मिळतं. मोठ्या कॉलनीभोवती बारीक ठिपक्यांचं कडं दिसलं तर ते हेच.

कार्बेनिसिलिन घेतलं तर ठिपके कमी होतात, पण तेही त्याच कुळातलं औषध, त्यामुळे भित्तिकेवरचा ताण तसाच राहतो. शक्य असेल तर जनुक क्लोरॅम्फेनिकॉल किंवा कॅनामायसिनच्या व्हेक्टरवर (वाहक प्लास्मिडवर) हलवा. क्लोरॅम्फेनिकॉल २० ते २५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, कॅनामायसिन २५ ते ३०. निरोगी स्ट्रेनसाठी लिहिलेला ५० चा आकडा अशा आजारी स्ट्रेनला जड जातो. टेट्रासायक्लिन निवडण्याआधी म्युटंटचा जीनोटाइप वाचा. अशा बऱ्याच स्ट्रेनमध्ये अलील पी१ फाजने (जीवाणूंच्या विषाणूने) हलवलेला असतो आणि त्याच्या शेजारी टीएन१० हा टेट्रासायक्लिन-प्रतिरोधाचा डीएनए तुकडा बसवलेला असतो, म्हणजे ते मुळातच टेट्रासायक्लिनला दाद देत नाहीत.

अँपिसिलिनच वापरायचं असेल तर ते जिवंत आहे का ते बघा. प्लास्मिड नसलेला निरोगी स्ट्रेन त्या प्लेटवर लावा. तो वाढला तर पुढे जायचंच नाही. सोडियम अँपिसिलिनची पूड हवेतला ओलावा पटकन शोषते, आणि आपल्या हवेत ओलाव्याची कमी नाही. फ्रिजमधून काढलेली बाटली लगेच उघडली तर आत दव जमतं. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. स्टॉक मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, छोट्या नळ्यांत उणे २० वर ठेवा, वितळलेली नळी पुन्हा गोठवू नका. अगार ५० अंशांच्या आसपास आल्यावरच औषध घाला. प्लेट फ्रिजमध्ये तीन-चार आठवड्यांपलीकडे ठेवू नका, आणि वीज जाऊन फ्रिज तापला असेल तर त्याआधीच फेका.

फॉस्फोमायसिनने त्याचं लक्ष्य असलेलं म्युर-ए तपासणाऱ्यांसाठी जाता जाता: माध्यमात २५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ग्लुकोज-६-फॉस्फेट घातलं नाही तर औषध पेशीत शिरण्याचा एक मुख्य दरवाजा, यूएचपी-टी हा वाहक, उघडत नाही आणि साधा स्ट्रेनही प्रतिरोधक दिसतो. प्रतिरोधक कॉलनी आल्या तरी म्युर-ए बदललं असं समजू नका. वाहकांची जनुकं बिघडून आलेला प्रतिरोध कितीतरी जास्त आढळतो.

तपासणी ४: स्टॉक खरंच म्युटंटचा आहे का

दुसऱ्या लक्षणाचं, म्हणजे मोजक्या टपोऱ्या कॉलनींचं, मूळ इथे. तापमान-संवेदी अलील बहुतेक एकाच अक्षराचा बदल असतो. एफटीएस-झेड८४ मध्ये १०५ व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरिन आहे, एवढंच. एक अक्षर परत फिरलं की पेशी निरोगी. शिवाय दुसऱ्याच जनुकातला बदल पहिला दोष झाकू शकतो. या निरोगी झालेल्या पेशी ३० वरही म्युटंटपेक्षा जोमाने वाढतात, त्यामुळे प्रत्येक सबकल्चरमध्ये त्यांचा वाटा वाढतो. स्लँटवर महिनोन्महिने चालवलेला म्युटंट शेवटी नावापुरता म्युटंट राहतो. चवथीच्या सुट्टीत फ्रिजमध्ये पडून राहिलेली प्लेट तर याचं आदर्श उदाहरण: कमकुवत पेशी थंडीत मरतात, रिव्हर्टंट, म्हणजे पुन्हा निरोगी झालेल्या पेशी, टिकतात, आणि सुट्टीनंतर पहिला ब्रॉथ त्यांचाच होतो.

मोजायला फक्त दोन प्लेट लागतात. रात्रभर ३० वर वाढलेला म्युटंट विरळ करून दोन्ही तापमानांना पसरवा. ४२ वरच्या कॉलनींचं ३० वरच्यांशी प्रमाण दहा लाखांत एक किंवा कमी असेल तर स्टॉक ठीक. हजारात एक असेल तर तो स्टॉक विसरा आणि सर्वांत जुन्या ग्लिसरॉल नळीकडे जा. त्यातून पंधरा-वीस सुट्या कॉलनी ३० वर काढा, प्रत्येकीचा ठिपका ४२ वर तपासा, ज्या मरतात त्यांतली एक घेऊन उणे ८० वर १५-२० टक्के ग्लिसरॉलमध्ये दहा नळ्या एकदम भरून ठेवा. पुढे प्रत्येक प्रयोग नव्या नळीपासून.

४२ वर वाढलेली कॉलनी खरंच प्लास्मिडमुळे जगली का, हे ठरवायची कसोटीही फुकटातलीच आहे. त्या कॉलनीतून प्लास्मिड काढा आणि ताज्या म्युटंटमध्ये घाला. सगळे नवे ट्रान्सफॉर्मंट ४२ वर जगले तर कॉम्प्लिमेंटेशन खरं. मेले तर गुणसूत्र बदललं होतं, प्लास्मिडचा संबंध नव्हता. ही एक पायरी न करता प्रबंधात लिहिलेलं कॉम्प्लिमेंटेशन मान्य करू नये असं स्पष्ट मत आहे.

लेबलचाही संशय घ्या. म्युर-ई हा एन्झाइम साखळीत मेसो-डायअमिनोपिमेलिक आम्ल जोडतो. ते आम्ल बनवणाऱ्या डॅप जनुकांचे म्युटंटही अगदी तसेच फुटतात. माध्यमात मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम डायअमिनोपिमेलिक आम्ल घातल्यावर तुमचा म्युर-ई म्युटंट जगला, तर तो म्युर-ई नाही.

तपासणी ५: सूक्ष्मदर्शक

एक टक्का अगारोजच्या पातळ थरावर पेशी ठेवा, फेज-कॉन्ट्रास्ट, १०० चं ऑइल भिंग. दोष कुठे आहे ते आकारच सांगतो. लांब गुळगुळीत दोऱ्या म्हणजे विभाजन सुरूच होत नाही, एफटीएस-झेड. दोरीवर जागोजागी हलकी आवळण असेल तर विभाजन सुरू होऊन अडलंय, एफटीएस-आयकडे बघा. गोल किंवा लिंबासारख्या पेशी म्हणजे लांबी वाढवणारी यंत्रणा, पीबीपी२ किंवा रॉड-ए. मधोमध फुगवटा, फिकट रिकामी कवचं आणि तार सुटणारा ब्रॉथ म्हणजे कच्चा माल तुटलाय, म्युर जनुकं.

डोळ्याला सवय नसेल तर निरोगी स्ट्रेनवर औषधाने हे आकार मुद्दाम तयार करा. सेफॅलेक्सिन १०-२० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर दिलं की तासाभरात दोऱ्या, कारण ते पीबीपी३ ला अडवतं. मेसिलिनम पीबीपी२ ला अडवतं, पेशी गोल होतात. शेजारी ठेवून तुलना करायला याहून स्वस्त नमुना नाही. औषधाच्या दुकानातली कॅप्सूल फोडून मात्र वापरू नका, तिच्यात भरावाची पूडही असते.

यात एक गोष्ट कायम चुकते. रात्रभर वाढून थांबलेला ब्रॉथ उचलून ४२ वर ठेवतात आणि पेशी फुटत नाहीत म्हणून हैराण होतात. भित्तिका फुटायला पेशी वाढत असावी लागते. जुनं जाळं कापणारे एन्झाइम चालू आणि नवं विणणारे बंद, असं झालं तरच भोक पडतं. थांबलेल्या पेशीत दोन्ही बंद असतात. ३० वर वाढत्या ब्रॉथचा ओडी ०.०५ करून तो आधीच ४२ ला तापवलेल्या माध्यमात घाला, ओडी ०.४ च्या वर जाऊ देऊ नका, वाढला तर पुन्हा विरळ करा. दर ३० मिनिटांनी नमुना घ्या, दोन तास. आधी ओडी चढेल, मग टेकेल, मग उतरेल. अलीलनुसार वेळ बदलते.

तपासणी ६: क्लोन

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच क्लोनवर संशय घ्या. पहिला प्रश्न प्रोमोटरचा, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या त्याच्या आधीच्या डीएनए तुकड्याचा. ई. कोलायच्या जनुकनकाशावर (तो मिनिटांत मोजतात) २ मिनिटांच्या जागी पेशीभित्तिका आणि विभाजन यांची १६ जनुकं एकाला एक लागून आहेत: एमआरए-झेडपासून सुरू होऊन एमआरए-डब्ल्यू, एफटीएस-एल, एफटीएस-आय, म्युर-ई, म्युर-एफ, एमआरए-वाय, म्युर-डी, एफटीएस-डब्ल्यू, म्युर-जी, म्युर-सी, डीडीएल-बी, एफटीएस-क्यू, एफटीएस-ए, एफटीएस-झेड अशी एलपीएक्स-सीपर्यंत. एमआरए-झेडच्या आधी असलेला प्रोमोटर पहिल्या ९ जनुकांना, म्हणजे एफटीएस-डब्ल्यूपर्यंत, लागतो. आता म्युर-एफ एकटं उचलून व्हेक्टरमध्ये ठेवलं तर त्याचा प्रोमोटर मागे राहून गेला. सिक्वेन्स अक्षरशः बरोबर, व्यक्त मात्र काही होत नाही. व्हेक्टरच्या प्रोमोटरच्या दिशेने जनुक आहे का, एवढं तपासायला एका एन्झाइमचा डायजेस्ट (प्लास्मिड कापून तुकड्यांची लांबी बघणं) पुरतो.

दुसरा प्रश्न मात्रेचा. जास्त म्हणजे चांगलं, हा समज इथे घातक. एफटीएस-झेड काही पटींनी वाढलं की टोकाला लहान बिनगुणसूत्री पेशी तुटतात, आणि आणखी वाढलं, साधारण बारा पटींच्या वर, की विभाजनच थांबतं आणि दोऱ्या होतात. पाचवं लक्षण बऱ्याचदा हेच. एमआरए-वाय आणि एफटीएस-डब्ल्यू पटलातून दहादा आरपार जाणारी प्रथिनं, त्यांचा पूर आला की पटलच कोंडतं. पेशीत शेकडो प्रती होणाऱ्या पीयूसी प्लास्मिडऐवजी पीएसीवायसी१८४ सारखं दहा-बारा प्रतींचं किंवा पीएससी१०१ कुळातलं पाचेक प्रतींचं प्लास्मिड घ्या. अरॅबिनोजचा प्रोमोटर असेल तर ०.२ टक्के ग्लुकोजपासून सुरुवात करून अरॅबिनोज ०.००२, ०.०२, ०.२ असं चढवत प्लेट लावा. पीएससी१०१ घेताना तपासा की ते तापमान-संवेदी प्रतिकृतीचं नाही ना. पीकेडी४६ आणि पीसीपी२० ज्या जातीचे आहेत ती प्लास्मिडं ४२ वर स्वतःच गळून जातात. जनुक त्यावर असेल तर कॉम्प्लिमेंटेशन कधीच दिसणार नाही, आणि दोष कुणाचाच नसेल.

तिसरी शक्यता उलट फसवते. लायब्ररीतून (जीनोमच्या तुकड्यांच्या क्लोनसंग्रहातून) निवडलेला क्लोन जगवतो, पण त्यात भलतंच जनुक असतं. पीबीपी२ किंवा रॉड-एचा म्युटंट जादा एफटीएस-झेड मिळालं तरी जगतो, आणि वाढ संथ करणाऱ्या साध्या माध्यमावरही जगतो. तेव्हा आत नेमकं कोणतं जनुक आहे ते कळेपर्यंत कॉम्प्लिमेंटेशन म्हणू नका. सिक्वेन्सिंगचा खर्च इथे, आणि इथेच, करण्यासारखा आहे.

कुठे थांबायचं

इन्क्युबेटरचा किमान-कमाल आकडा अर्ध्या अंशात स्थिर राहत नसेल तर थर्मोस्टॅट, पंखा किंवा कंप्रेसरचं काम आहे. मागचं पॅनेल स्वतः उघडू नका, तंत्रज्ञ बोलवा.

वरच्या सहा तपासण्या बरोबर असून ताज्या स्टॉकवर दोनदा तोच विचित्र निकाल आला, तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत करण्यासारखं काही उरत नाही. अलील पी१ फाजने स्वच्छ स्ट्रेनमध्ये हलवणं, संपूर्ण जीनोम वाचून दडलेला दुसरा बदल शोधणं, किंवा पेशीतल्या यूडीपी-म्युरामिक पेंटापेप्टाइडचा (भित्तिकेच्या कच्च्या मालाचा) साठा मास-स्पेक्ट्रोमेट्रीने मोजणं ही जाणत्यांची कामं. पाठवताना चारही गोष्टी सोबत द्या: म्युटंटची सर्वांत जुनी नळी, निरोगी जनक स्ट्रेन, ४२ वर वाढलेली एक कॉलनी आणि प्लास्मिडचा संपूर्ण सिक्वेन्स. जनक स्ट्रेन नसेल तर जीनोममधले शेकडो फरक कशाशी ताडायचे, हा प्रश्न उरतो.

हॉस्पिटलमधून आलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा प्रतिरोधक क्लेबसिएला घेऊन हेच प्रयोग करायचा विचार असेल तर उघड्या बाकावर सुरुवातच करू नका. असे स्ट्रेन पातळी-२ च्या जैवसुरक्षा कॅबिनेटचे. जनुकीय फेरफार करण्याआधी १९८९ च्या नियमांनुसार संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते. एमईसी-ए सारखं प्रतिरोधाचं जनुक रोगकारक स्ट्रेनमध्ये घालणं हे एमएस्सी प्रकल्पाचं काम नाही, समिती काय म्हणते ते नंतर. वापरलेल्या प्लेट १२१ अंशांवर किमान ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, आणि पिशवी गच्च बांधू नका, वाफ आत शिरली पाहिजे.